सरासरीच्या वरचा मजला

३ एप्रिल

ही वही यांनी आणून दिली. म्हणाले, "डॉक्टरांनी घरात आवाज चढवायचा नाही म्हणून सांगितलंय, आणि तुला बोलल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा जे काही ओरडायचं ते यात ओरड." वर हसले. हिवाळ्यात हृदयाचा झटका येऊन गेलेला माणूस! चार पावलं टाकली की थांबून खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करतो, आणि माझ्यासाठी वही आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आला. मी रागावले तर म्हणाले, "बघ, पहिलं पान भरायला विषय मिळाला."

ठीक आहे. ओरडते.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर समितीने गेल्या वर्षी काळं डांबरी आवरण घातलं, पाणी गळू नये म्हणून. गळत नाही, हे कबूल. पण ते काळं धूड दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळपासून आमच्या डोक्यावर ओततं. आम्ही पाचव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर. रात्री भिंतीला हात लावला तर चहाच्या पातेल्याला लावल्यासारखा चटका बसतो. एसी लावायचा तर वरच्या मजल्याची वायरिंग तो भार घेत नाही, आणि वायरिंगही समितीच्याच हातात. माझं मागणं एवढंच, की त्या डांबरावर पांढरा रंग मारा. स्वतःच्या पैशाने मारते म्हटलं तर, "नको, आवरणाची हमी रद्द होईल, ते काम समितीनेच करायला हवं." मग करा ना बाबांनो! तर तेही नाही.

उद्या अध्यक्षांना भेटते.

५ एप्रिल

भेटले. आणि तळपायाची आग मस्तकात घेऊन परत आले.

आमचे अध्यक्ष म्हणजे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. राहतात तिसऱ्या मजल्यावर. वर दोन मजले, खाली दोन मजले आणि तळमजला, खिडकीसमोर डेरेदार झाड. ऊन वरच्यांना लागतं, पावसाचं पाणी खालच्यांच्या घरात शिरतं, आणि यांच्याकडे बाराही महिने आल्हाददायक. लिफ्टशेजारच्या फळ्यावर रोज वेधशाळेचे आकडे लिहून काढायची यांना हौस. आजचं तापमान, दीर्घकालीन सरासरी, फरक. मी यांचं नाव सरासरीराव ठेवलंय. आमच्या ह्यांना ते फार आवडलं, पोट धरून हसले. मग खोकला आला म्हणून मीच गप्प केलं.

सरासरीराव म्हणाले, "वहिनी, नियम असा आहे. वार्षिक सभेच्या आधी निधीतून खर्च करायचा तर परिस्थिती असाधारण असावी लागते."

"आहेच की असाधारण! वर येऊन बघा."

"आपण म्हटल्याने ती होत नाही ना. दीर्घकालीन सरासरीशी ताडून बघावं लागतं. आजवरचा उन्हाळा सरासरीपेक्षा जेमतेम अर्ध्या अंशाने वर आहे. याला असाधारण म्हणत नाहीत."

"माझ्या खोलीत रात्री छत्तीस अंश असतात हो."

"तापमान खोलीतलं धरत नाहीत. वेधशाळेचा तापमापक मोकळ्या मैदानात, गवतावर, पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो."

"मग आम्ही दोघं त्या पेटीतच झोपायला जातो," म्हटलं, आणि निघाले. त्यांनी मागून गंभीरपणे सांगितलं की पेटी फार लहान असते.

वार्षिक सभा पावसाळ्यात असते. तोवर काय, हात चोळत बसू?

९ एप्रिल

वन्संचा फोन. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. गावाबाहेर तिचं बैठं घर, जाड भिंती, अंगणात झाडं. रोज एकच धोशा. "वहिनी, दादाला उन्हाळाभर इकडे पाठव ना. तुमच्या घराची नुसती भट्टी होत असेल."

म्हटलं, "भट्टी कसली वन्सं, छान वारा येतो. पाचव्या मजल्यावर वाऱ्याला तोटा नाही."

हे पलंगावर पडून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "समितीसमोर भट्टी आणि बहिणीसमोर वारा. तुझं घर मोठं गुणी आहे."

चेष्टा करायला काय जातं यांना? तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली मी, कुणाच्या मध्ये तोंड घातलं नाही. पण नणंदेने फोन करून माझ्या घराला भट्टी म्हणायचं? माझं घर आहे. मी म्हणेन भट्टी.

१४ एप्रिल

मी खिडक्यांना ओल्या चादरी लावते. दुपारी बारा, दोन आणि चारला पुन्हा भिजवते. वारा त्यांतून येतो तेव्हा खोलीत माणसाला बसवेल इतपत होतं. हे म्हणतात, "धोब्याच्या दुकानात राहिल्यासारखं वाटतं, पण बरं आहे." यांचं सगळं बरंच असतं. ताप असला तरी बरं आहे, आमटीत मीठ नसलं तरी बरं आहे. झटका आला त्या दिवशीसुद्धा रुग्णवाहिकेत म्हणाले, "मी बरा आहे, तू खिडकीशी बस, तुला गाडी लागते."

१८ एप्रिल

काय वाचावं फळ्यावर! "सूचना : यंदापासून वेधशाळेने नवी दीर्घकालीन सरासरी लागू केली आहे. जुन्या दहा वर्षांचे आकडे वगळून अलीकडची दहा वर्षे धरली आहेत." आणि खाली, "त्यानुसार आजचे तापमान सरासरीपेक्षा ०.२ अंशाने कमी."

कमी! काल हेच ऊन अर्ध्या अंशाने जास्त होतं. रात्रीत काय झालं? सरासरीच वर सरकली. थेट सरासरीरावांच्या दारात गेले.

"अहो, गार वर्षं काढून टाकायची, तापलेली आत घ्यायची, आणि वर म्हणायचं काही तापलेलं नाही? हा कुठला न्याय?"

"वहिनी, न्याय नाही, पद्धत आहे. दर दहा वर्षांनी करतात. सगळीकडे करतात."

"म्हणजे माणसाला रोज थोडं थोडं भाजायचं, आणि मागच्या दहा वर्षांत इतकाच भाजत होता म्हणून गप्प बसवायचं!"

ते चष्मा पुसत म्हणाले, "उपमा चांगली आहे. पण समितीला आकडे लागतात. तुमच्या खोलीतलं तापमान असामान्य आहे असं तुमचं म्हणणं असेल तर नोंदी आणा. मी स्वतः समितीपुढे ठेवतो."

ठेवाल ना? आणते. आकडेच आणते.

२२ एप्रिल

तापमापक आणला. पलंगाच्या डोक्याशी खिळा ठोकून टांगला. यांनी विचारलं, "हा माझ्यासाठी की भिंतीसाठी?" "समितीसाठी," म्हटलं. दुपारी तीनला नोंद, आणि मग खाली जाऊन सरासरीरावांना दाखवायची. त्यांनी तसं सुचवलं, म्हणजे पुढे कुणी शंका घ्यायला नको.

तळमजल्यावर शिवणकाम करणारी बाई आहे. तोंडात कायम टाचण्या धरून बोलते म्हणून तिला सगळे टाचणी म्हणतात. दवाखान्यांचे गणवेश, पडदे असलं शिवते. ती म्हणाली, "ताई, मी तुम्हाला जाड अस्तराचा पडदा शिवून देते. पश्चिमेच्या खिडकीला लावा, फरक पडेल." बिचारी चांगली आहे. स्वतःच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरतं, तरी दुसऱ्याच्या उन्हाची काळजी.

२५ एप्रिल

आज सरासरीराव प्रथमच माणसासारखं बोलले. माझ्या तीन दिवसांच्या नोंदी नीट बघितल्या आणि विचारलं, "खिडक्यांना चादरी लावता ना ओल्या?"

"लावते की. नाहीतर जगायचं कसं?"

"तिथेच घोळ होतो. कधी चादर ओली, कधी वाळलेली. मग आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. समितीत कुणीही म्हणेल की हे छपराचं तापमान नाही, चादरीचं आहे. दहा दिवस कोणताही उपाय न करता नोंद घ्या. तशी निर्दोष मालिका असेल तर मी सांगतो, पांढरा रंग मंजूर. मीच ठराव मांडतो."

खोटं कशाला बोलू, मुद्दा पटला. एवढी भांडले, आता आकड्यातच खोट काढायला यांना जागा द्यायची का? मुळीच नाही. वर आले आणि सगळ्या चादरी काढून घड्या घातल्या.

हे म्हणाले, "चादरी?"

"दहा दिवस कळ काढा. मग कायमचं गार."

"काढतो की. आयुष्यभर कवळ्यांच्या भट्टीसमोर बसलोय." हे लोकांचे दात बनवायचे. दंतवैद्य मापं पाठवायचे आणि हे एका खोलीत बसून भट्टीत दात भाजायचे. "तेव्हा कुणी आकडे मोजत नव्हतं," म्हणाले. मग जरा वेळाने, "तू लढ. बरं आहे."

आजची नोंद : ३८.४. बघून आनंद झाला हो! एवढा आकडा समितीने आयुष्यात खोलीत पाहिला नसेल.

२७ एप्रिल

३९ ला टेकले. सरासरीरावांनी भुवया उंचावल्या आणि नोंदीखाली सही केली. जिन्यात टाचणी पडदा घेऊन उभी. काय सुंदर शिवलाय, दुहेरी अस्तर, खाली वजनाची पट्टी. पण सांगितलं, "आत्ता नको गं, ठेव तुझ्याकडेच. नोंदी चालू आहेत." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी उपास धरलाय.

यांनी दोनदा पाणी मागितलं. दिलं नाही. डॉक्टरांनी हृदयासाठी दिवसाचं पाणी मोजून दिलंय, आणि अंगातलं पाणी कमी करायची गोळीही आहे सकाळी. मी त्यात एका घोटाचाही फरक करत नाही. उद्या कुणी म्हणायला नको की बायकोने पथ्य मोडलं.

२९ एप्रिल

दुपारी मला "छोटी" म्हणाले. छोटी म्हणजे वन्सं, लहानपणचं नाव. "छोटी, खिडकी उघड." खिडकी उघडीच होती. वन्संनी रोज फोन करून करून यांच्या डोक्यात घर केलंय. मला राग आला, पण बोलले नाही. इथे लिहिते.

जेवण कमी झालंय. उन्हाळ्यात माझंही होतं.

१ मे

हे दिवसभर झोपून. बरंच झालं, झोपेत ऊन कळत नाही. संध्याकाळी न्हाणीत जाताना तोल गेला, भिंतीला धरलं. "चप्पल अडकली," म्हणाले. चपला तर दाराबाहेर होत्या. म्हातारपण, दुसरं काय.

आता नोंदी पुऱ्या होत आल्यात. सरासरीराव आज स्वतःहून म्हणाले, "वहिनी, तुमची चिकाटी विद्यार्थ्यांत दिसली असती तर." एवढ्या वर्षांत या माणसाने कुणाचं कौतुक केलेलं ऐकलं नव्हतं. खोटं का बोलू, मन सुखावलं.

३ मे

ढग आलेत. फळ्यावर : "आजचे तापमान सरासरीइतके. फरक शून्य." शून्य! आणि माझ्या खोलीत त्याच वेळी ३९.६, वर दमटपणा असा की भिंतीला घाम. आज सरासरीरावांना धरूनच विचारते की शून्याचा अर्थ काय. तीन वाजले. हे झोपलेत, हाक मारली तर "बरं आहे" म्हणाले. जाऊन येते.

७ मे

लिहवत नाही, पण कुणाजवळ बोलू?

मी तिसऱ्या मजल्यावर शून्यावर भांडत होते. सरासरीराव सांगत होते की दिवसाचा कमाल आणि किमान आकडा मिळून कसा शून्य येतो. तेवढ्यात वरून टाचणीची किंकाळी. ती पडदा घेऊन परत आली होती. म्हणणार होती, चुलीत गेल्या नोंदी, लावून घ्या. दार लोटलेलंच होतं. हे पलंगावरून खाली पडलेले, डोळे उघडे, पण ओळख नाही. अंग तव्यासारखं आणि कोरडं.

दवाखान्यात दोन दिवस कुणाला ओळखत नव्हते. आता ओळखतात. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगातलं पाणी आणि क्षार पार उतरले होते. उन्हाळ्यात गोळीचं प्रमाण बदलावं लागतं, आजी, विचारायला यायचं होतं. वागण्यात फरक नव्हता दिसला? झोप, बोलण्यात गोंधळ, तोल जाणं?"

दिसला होता. सगळं दिसलं होतं. तारखेवार लिहून ठेवलंय मी, याच वहीत.

मग विचारलं, "खोली तरी गार ठेवत होतात ना?"

मी त्या पोरीला काय सांगू? की गार ठेवता येत होती, चादरी कपाटात होत्या, पडदा तळमजल्यावर शिवून तयार होता, आणि मी आकडा बिघडू नये म्हणून काही लावू दिलं नाही? मी "हो" म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

८ मे

सरासरीराव दवाखान्यात आले. फळं घेऊन आले, खाली मान घालून बसले, सगळं रीतीप्रमाणे. मला वाटलं आता माफी मागतील आणि मला तीही नको होती. तर खिशातून कागद काढला.

"वहिनी, गडबडीत तुमच्या उरलेल्या दोन दिवसांच्या नोंदी राहिल्या असत्या. किल्ली पहारेकऱ्याकडे होती. मी दोन्ही दिवस तीनला जाऊन घेतल्या. मालिका खंडित व्हायला नको म्हणून."

माझ्या घरात गेला हा माणूस! यांचा पलंग तसाच विस्कटलेला, पाण्याचा तांब्या उपडा, आणि हा तिथे चष्मा वर करून आकडा वाचत उभा! मला वाटलं ती फळांची पिशवी याच्या डोक्यावर उपडी करावी. पण दवाखान्यातही आवाज चढवायचा नसतो. "ठेवा तिथे," म्हटलं. त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझं काम केलं. हेच तर सहन होत नाही. वाईट असता तर शिव्या तरी घातल्या असत्या.

११ मे

आज हे नीट बोलले. मी पाणी पाजत होते, आता पाणी वाढवून दिलंय. मला म्हणाले, "तुझी लढाई राहिली का गं अर्धवट?"

म्हटलं, "चुलीत गेली लढाई. तुम्हाला एवढं होत होतं, तर बोलायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं?"

त्यांनी पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "झटका आल्यापासून तू बोलतच नव्हतीस. रात्री उठून माझा श्वास बघायचीस, दिवसा भिंतीकडे. मग ते डांबर सापडलं तुला. रोज खाली जाऊन भांडून यायचीस, लाल होऊन यायचीस, मला नक्कल करून दाखवायचीस. मला वाटलं, दहा दिवसांनी काय होतंय."

असा राग आला मला, असा राग आला! म्हणजे हा माणूस माझी करमणूक व्हावी म्हणून भाजत पडला होता! मी म्हटलं, "तुम्हाला अक्कल आहे का हो? मी काय लहान मूल आहे, की माझं खेळणं जपून ठेवायचं?" शेजारच्या खाटेवरचा रुग्ण उठून बसला. हे हसायला लागले, मग मला रडू आलं, मग परिचारिका आली.

वन्सं आल्यात. एक शब्द बोलल्या नाहीत. भट्टी म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. यांना दवाखान्यातून थेट त्यांच्याकडे न्यायचं ठरलं. मीच म्हटलं, "न्या. माझ्या घरात वारा येत नाही."

२० जून

तीन आठवडे आभाळ कोरडं ठणठणीत होतं. मग काल आणि परवा असा कोसळला की तळमजला गुडघाभर पाण्यात. टाचणीचं मशीन, सव्वाशे गणवेशांचं कापड, सगळं चिखलात. आम्ही वरच्यांनी बादल्यांनी पाणी उपसलं. यांच्याकडे जाऊन-येऊन असते, आज मात्र इथेच राहिले.

आणि फळ्यावर काय? "जून महिन्याचा आजवरचा पाऊस : सरासरीच्या ९८ टक्के. समाधानकारक."

टाचणी पदर खोचून चिखलात उभी होती. तोंडात टाचण्या नव्हत्या, तर तिचं तोंड किती लहान आहे ते दिसलं. तिने मला विचारलं, "ताई, समाधानकारक म्हणजे कुणाला?" मी खडू घेतला आणि "समाधानकारक" शब्दापुढे लिहिलं, "तिसऱ्या मजल्याला." कुणी पुसलं नाही अजून.

१७ जुलै

आज वार्षिक सभा झाली. मी जाणार नव्हते. टाचणी ओढून घेऊन गेली, तिला तळमजल्याच्या दाराशी उंबरा उंच करून हवा होता.

सरासरीराव उभे राहिले. आधी उन्हाळा : सरासरीपेक्षा एक दशांश अंश जास्त. मग पाऊस : सरासरीइतका. मग म्हणाले, "तथापि, पाचव्या मजल्यावरील परिस्थिती असाधारण होती, हे वहिनींच्या नोंदींवरून निर्विवाद सिद्ध होतं. अत्यंत शिस्तबद्ध नोंदी. कोणताही उपाय न करता, एकसारख्या परिस्थितीत घेतलेल्या. मी गच्चीला पांढरा रंग देण्याचा ठराव मांडतो, आणि या नोंदींबद्दल वहिनींचं अभिनंदन इतिवृत्तात नोंदवावं असं सुचवतो."

टाळ्या वाजल्या. जिंकले मी.

उठले. म्हटलं, "अभिनंदन नको. रंग द्या. पण इतिवृत्तात दुसरं लिहा."

"काय लिहू?" सचिवाने विचारलं.

"लिहा, की नोंदी घेताना खोलीत माणूस होता."

सरासरीराव गोंधळले. खरंच गोंधळले. "वहिनी, पण त्याचा तापमानाशी काही संबंध... म्हणजे नोंदीच्या दृष्टीने..."

"लिहा हो!" मी ओरडले. महिनोन्महिन्यांचा आवाज साठला होता, सगळा निघाला. "तुमच्या पेटीत गवतावर कुणी झोपलेलं नसतं. माझ्या खोलीत होतं. मी आकडा वाचायला पलंगाच्या डोक्याशी जायची, आणि आकडा वाचून निघायची. खाली कोण पडलंय ते बघितलं नाही मी. तुम्हीही नंतर दोनदा तिथे जाऊन आलात, तुम्हालाही पलंग दिसला नाही. तेव्हा लिहा. खोलीत माणूस होता."

मग टाचणी म्हणाली, "आणि तळमजल्यावरही माणसं आहेत, तेपण घ्या त्यातच." सचिवाने सरासरीरावांकडे बघितलं. सरासरीरावांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. म्हणाले, "घ्या लिहून."

दोन्ही ठराव मंजूर. तळमजल्याचा उंबराही.

१० ऑक्टोबर

पाऊस उघडल्यावर गच्ची रंगवली. काल हे परत आले. लिफ्टमध्ये शिरण्याआधी फळ्यासमोर थांबले. फळा आहे, आकडे आहेत, पण खाली दोन नवे रकाने काढलेत : "पाचवा मजला" आणि "तळमजला." रिकामे आहेत. सरासरीरावांनी मला विचारलं होतं, भराल का? म्हटलं, तुम्हीच या रोज जिना चढून आणि बसून जा घटकाभर, मग लिहा. आज आले होते. पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले, रुमालाने मान पुसली, पाणी मागितलं. तापमापक मी कधीच काढून टाकलाय, नुसता खिळा आहे. त्यांनी त्या खिळ्याकडे बघितलं.

खोली पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. पण ऑक्टोबरचं ऊन ते ऑक्टोबरचंच. दुपारी हे टाचणीच्या पडद्याकडे तोंड करून पडले होते. मी विचारलं, "उकडतंय का हो?"

"बरं आहे."

मी पलंगावर जाऊन बसले. कपाळाला हात लावला, मग हाताला, मग पायाच्या तळव्याला. "अहो, मी बरं आहे का विचारलं नाही. उकडतंय का विचारलं."

पडद्याकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "उकडतंय गं. फार उकडतंय."

असं सरळ बोलायला या माणसाला चाळीस वर्षं लागली. मी उठले आणि कपाटातून चादरी काढल्या.